जॉबर

एमआरआयच्या बाकावर माझ्या शेजारी
सत्तरीपुढचे एक काका, मांडीवर काठी.
"कुणाला आणलंयस, बाळ?"
मलाच, म्हटलं.
त्यांनी काठी जराशी आपल्याकडे ओढली,
मी मागून घेईन म्हणून असेल.

फॉर्मवर सव्वीस लिहिलं
तर काउंटरवरची बाई दोनदा वर बघते.
डॉक्टरांनी फिल्म खिडकीला धरली,
बाहेर एप्रिल, त्रेचाळीस डिग्री,
माझ्या पाठीतून सिव्हिलचा कडुनिंब दिसत होता.
पेनाच्या टोपणानं दाखवलं: इथे.
चौथ्या-पाचव्यामधली गादी काळी,
वरच्या सगळ्या पांढऱ्या, नव्या चादरीसारख्या.
"झीज आहे. साठीत दिसते तशी."
मग, "वजन उचलू नका."
कसलं, ते नाही सांगितलं.

आमच्या घरात दुखण्याला नोप्पी म्हणतात.
शाळेत 'वेदना' शिकवली, समानार्थी शब्द लिहा, दोन गुण.
शेजारच्या गंगव्वा नोवु म्हणतात
आणि न विचारता एरंडेल चोळून जातात.
रिपोर्टातलं नाव लांबलचक,
त्याचं स्पेलिंग आता मला तोंडपाठ.
चारही शब्द वापरून झाले.
सकाळी चपलेचा बंद लावायचा असतो,
बंद दिसतो, हात पोचत नाही.
बंद दिसतो.

सिटी बसमध्ये बसले की
कुणीतरी पिशवीवाली मावशी माझ्याकडे बघत राहते.
तिला काय दाखवू? प्लास्टर नाही, रक्त नाही.
उठते. अशोक चौकापर्यंत उभी.
चाटी गल्लीत शेठनी मला स्टूल दिलंय,
घड्या घालायच्या नाहीत, फक्त बिलं.
घड्या घालणारी सुवर्णा दोन महिने बोलत नव्हती.
परवा तिनंच तिची उशी आणून ठेवली स्टुलावर,
तरी बोलली नाहीच.

भिवंडीहून पाहुणे आले होते.
अम्मा म्हणाली, खाली बसू नकोस, उठताना कळेल.
साडीच्या आत पट्टा आवळून
मी ट्रे घेऊन उभीच राहिले चाळीस मिनिटं.
"पोरगी ताठ आहे," मुलाची आत्या म्हणाली,
"वळण चांगलं आहे."
रात्री अम्मा आणि मी एवढ्या हसलो
की मला हसणं मधेच थांबवावं लागलं.
हसताना तर तिथेच कळ निघते.

अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळते,
तिच्या पाठीचा फोटो कुणी काढलेला नाही.
दुखतं का विचारलं तर म्हणते,
हजार झाल्या की सांगते.

आणि नान्ना.
नान्ना जॉबर. अक्कलकोट रोडला अठ्ठेचाळीस माग त्यांच्याकडे.
सगळे एकदम खडखडत असताना
दारातूनच सांगतात, सत्तावीस नंबरचा धोटा अडखळतोय.
डोळे मिटून बोट ठेवतात, बरोबर तिथेच.
फिल्म घरी आणली त्या रात्री
त्यांनी तळवा माझ्या कंबरेवर ठेवला,
रेषांमधलं ग्रीस कधीच न निघणारा तळवा.
ठेवून राहिले बराच वेळ.
"सुटा भाग मिळत असता तर," म्हणाले,
आणि हात धुवायला गेले.
आधी कधी जेवणापूर्वीसुद्धा एवढा वेळ हात धुतले नव्हते.

मी आता जमिनीवर झोपते,
खाली दोन चादरी, गुडघ्यांखाली तिसरी, सेकंडातली,
जिच्यात मोराची मान एका धाग्यानं चुकलीय.
तीन वाजता रात्रपाळी सुटते.
सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज येतो,
मग काहीच नाही. दार उघडत नाही.
मला माहीत आहे, ते बाहेर उभे आहेत,
ऐकताहेत.

मी जागी असते. कुशी बदलायची असते.
बदलत नाही.
श्वास आत, श्वास बाहेर, एकसारखा, न अडखळता,
ते आत येऊन चप्पल काढेपर्यंत.